विज्ञानाचा शिक्षकही भाषेचाच शिक्षक!

२०२५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्र भाषेच्या प्रश्नावर जेवढा बोलला, तेवढा त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोलला नसेल. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, असावी तर ती कोणती, या प्रश्नावर मोर्च्यांच्या हाका दिल्या गेल्या, अग्रलेख लिहिले गेले, वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झडल्या. १६ एप्रिल व १७ जूनचे शासन निर्णय २९ जून रोजी रद्द झाले, समिती नेमली गेली आणि धुरळा खाली बसला. त्याआधीच्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. भाषा किती शिकवाव्यात, कोणत्या शिकवाव्यात, त्यांना मान कोणता द्यावा, यावर आपण भांडलो आणि नाचलोही. परंतु मराठीतून इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान शिकवण्यासाठी जो पदवीधर तरुण उद्या वर्गात उभा राहणार आहे, त्याला आपल्या विषयाची भाषा शिकवता येते का, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात कोणी विचारल्याचे आठवत नाही.

हा प्रश्न आज विचारला नाही, तर अभिजात दर्जाची सनद भिंतीवर टांगलेली राहील आणि तिच्याखाली बसलेल्या मुलाला त्याच्या पुस्तकातले पान वाचता येणार नाही.

हे अतिशयोक्त विधान नव्हे. 'प्रथम' या संस्थेकडून २००५ पासून होत असलेल्या 'असर' या ग्रामीण पाहणीचे आकडे सर्वांसमोर आहेत. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले निम्म्याहूनही थोडी कमी भरली. २०२३ मध्ये हीच पाहणी १४ ते १८ या वयोगटापुरती केली गेली. तेव्हा सुमारे २५ टक्के तरुण-तरुणींना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. त्याच पाहणीत, निदान पहिलीच्या पातळीचे वाचता येणाऱ्यांच्या हाती जुलाबावर द्यायच्या क्षार-साखरेच्या पाकिटावरील सूचना देऊन चार प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी किमान तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकले ते सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे ज्यांना अक्षरे येतात, त्यांच्यातलाही तिसरा तरुण पाकिटावरचा साधा मजकूर वाचून उपयोगात आणण्यात अडखळतो. अक्षरओळख झाली, आकलन झाले नाही. साक्षरतेचा दाखला मिळाला, साक्षरता मिळाली नाही.

जबाबदारी कोणाची?

असे आकडे प्रसिद्ध झाले की आपल्याकडे एक ठरलेला विधी पार पडतो. प्राथमिक शिक्षकाला दोष द्यायचा, प्राथमिक शिक्षकाने शाळाबाह्य कामांकडे बोट दाखवायचे, माध्यमिक शाळेने 'मूल आमच्याकडे कच्चेच आले' म्हणायचे आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकाने 'वाचन हा मराठीच्या बाईंचा विषय' असे म्हणून फळ्याकडे वळायचे. या विधीतील शेवटची पायरी सर्वांत निरुपद्रवी वाटते. वस्तुतः तीच सर्वांत घातक आहे.

कारण मूल वाचायला एकदाच शिकत नाही. पहिली-दुसरीत ते अक्षरे जोडून वाचायला शिकते. पाचवीनंतर त्याला वाचून शिकायचे असते, आणि ही दुसरी विद्या पहिलीतून आपोआप उगवत नाही. गोष्ट वाचणे निराळे, भूगोलाचा उतारा वाचणे निराळे आणि गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचणे त्याहून निराळे. प्रत्येक विषयाची स्वतःची शब्दकळा असते, वाक्य रचण्याची रीत असते, पुरावा मांडण्याची शिस्त असते. मराठीच्या तासाला कविता आणि धडे शिकवणाऱ्या शिक्षिकेने ही सारी विषयभाषा शिकवावी, ही अपेक्षा म्हणजे सुताराने लोहाराचा भाता फुंकावा असे म्हणण्यासारखे आहे.

उदाहरणांनी बोलू. 'एका संख्येची तिप्पट ही दुसऱ्या संख्येपेक्षा ५ ने कमी आहे.' या वाक्याचे समीकरण मांडायला सांगा. असंख्य मुले पहिल्या संख्येची तिप्पट करून तिच्यातूनच ५ वजा करतात, कारण वाक्यात आधी तिप्पट येते आणि मग 'कमी'. खरे तर ५ वजा व्हायला हवेत ते दुसऱ्या संख्येतून. या मुलाला गुणाकार येतो, वजाबाकीही येते. त्याला 'पेक्षा' आणि 'ने' या दोन चिमुकल्या शब्दरूपांचे काम कळलेले नाही. आपण त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'गणित कच्चे' असा शेरा मारतो आणि पालक त्याला गणिताच्या शिकवणीला धाडतात, जिथे त्याला आणखी शंभर वजाबाक्या करायला लावतात!

विज्ञानाच्या पुस्तकात 'कार्य' हा शब्द येतो. घरी कार्य म्हणजे लग्न किंवा मुंज, शाळेच्या फलकावर कार्य म्हणजे कामगिरी. भौतिकशास्त्रात मात्र तासभर भिंत ढकलून घामाघूम झालेल्या माणसाचे कार्य शून्य, कारण भिंत हलली नाही. 'मूळ' वनस्पतीला असते आणि संख्येलाही वर्गमूळ असते. 'अंश' अपूर्णांकात वर बसतो आणि तापमापीत चढतो. 'पद' कवितेत असते, कार्यालयात असते आणि बहुपदीतही असते. 'घन' अवस्था, 'घन' संख्या आणि एका रेषेच्या फरकाने दिसणारा 'धन' प्रभार, या तिघांत घोटाळणारे मूल मंदबुद्धी नसते. त्याला कोणी थांबून फरक दाखवलेला नसतो.

भूगोलात 'नैर्ऋत्य मोसमी वारे' येतात. ते नैर्ऋत्येकडे जातात की नैर्ऋत्येकडून येतात? शब्दात याचे उत्तर नाही. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव देतात, हा या विषयाचा भाषिक संकेत आहे. तो भूगोलाच्या शिक्षकाने सांगितला नाही, तर नकाशातील सारे बाण उलटे वाचले जातात. आणि इतिहासात तर वाचनाची कसोटीच लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली सभासदाची बखर आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली चिटणिशी बखर यांतील विधाने एकाच तराजूत तोलायची नसतात. लिहिणारा कोण, केव्हा लिहितो, कोणासाठी लिहितो, हे विचारत वाचायचे असते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि अस्सल कागदांवाचून इतिहास नाही, हा आग्रह महाराष्ट्राला शिकवला. त्या राजवाड्यांच्या महाराष्ट्रात इतिहासाचा तास आजही 'उतारा वाचा, खालील रिकाम्या जागा भरा' यापुढे क्वचितच जातो.

अर्ध्या विषयाची कहाणी

मग हे शिकवायला शिक्षकाला कोण शिकवणार? यासाठीच पदवीनंतरचे शिक्षकी प्रशिक्षण, म्हणजे बी.एड., आहे. आणि गंमत अशी की कागदोपत्री ही सोय झालेली आहे.

या विचाराचा आधुनिक उगम इंग्लंडमध्ये सांगितला जातो. तेथे १९७२ मध्ये नेमलेल्या अ‍ॅलन बुलक समितीने १९७५ च्या अहवालात अशी भूमिका घेतली की, भाषा सर्व विषयांतून शिकवली जाते, म्हणून प्रत्येक शाळेला साऱ्या अभ्यासक्रमाला कवेत घेणारे भाषाधोरण असले पाहिजे. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हीच गोष्ट मान्य केली. त्या आराखड्याच्या इतर अनेक बाबींशी, विशेषतः इतिहासाकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीशी, मतभेद असणारे पुष्कळ आहेत. पण विज्ञानाचा वा गणिताचा वर्ग हा भाषेचाही वर्ग असतो, हे त्याचे म्हणणे बिनतोड होते. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम केले, बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले, आणि अभ्यासक्रमाच्या आराखड्यात सर्व विषयांच्या छात्राध्यापकांसाठी 'अभ्यासक्रमातील भाषा' या आशयाचा एक विषय अनिवार्य झाला. त्याच्या जोडीला ग्रंथवाचन व चिंतनाचा एक उपक्रमही आला.

पण हा विषय आला तो अर्धा! इतर सैद्धांतिक विषयांच्या निम्मे वजन, निम्मा वेळ. जी गोष्ट साऱ्या विषयांचा पाया म्हणून स्वीकारली, तिला अभ्यासक्रमात पाटावर नव्हे, पाटाच्या कडेला बसवले. तो शिकवायचा कोणी, हेही धड ठरले नाही. पुष्कळ ठिकाणी तो मराठी किंवा इंग्रजी अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकांकडे सोपवला जातो, गणित-विज्ञान पद्धतीचे प्राध्यापक त्यापासून दूर राहतात, आणि ज्या भिंती पाडण्यासाठी हा विषय आणला त्याच भिंतींआड तो शिकवला जातो. छात्राध्यापक 'भाषेची कार्ये', 'भाषा व विचार यांचा संबंध' असल्या प्रश्नांची उत्तरे परीक्षेपूर्वी गाईडमधून पाठ करतो. सराव पाठासाठी पाठ टाचण काढताना उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, फलक लेखन, स्वाध्याय यांचे रकाने भरतो. पण 'आजच्या घटकात मुलाला कोणता शब्द अडेल, कोणते वाक्य उलगडून सांगावे लागेल, तो काय वाचेल, काय लिहील' या प्रश्नासाठी त्या टाचणात बहुधा रकानाच नसतो. दोन वर्षांत किमान वीस आठवडे शाळेत काढण्याची तरतूद आहे. त्या वीस आठवड्यांत विज्ञानाच्या छात्राध्यापकाने एकदा तरी मुलांकडून पाठ्यपुस्तकाचे एक पान समजून वाचून घेतले का, हे कोणी पाहत नाही. पाहणारा विचारतो ते एवढेच: वर्ग शांत होता का आणि तक्ता रंगीत होता का?

ज्यांना हा आरोप कठोर वाटेल, त्यांनी न्यायालयाची पायरी चढून पाहावी. महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, ही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही. त्या आयोगाच्या २०१२ च्या अहवालाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लिहून ठेवले आहे की, देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीर शिक्षणाचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैशांसाठी पदव्या विकतात. शासनाच्याच धोरणात शासनमान्य संस्थांविषयी इतके कडक वाक्य क्वचित सापडेल. जिथे पदवीच विकत मिळते, तिथे अर्ध्या विषयाची काय कथा!

आपलीच विद्या, आपणच विसरलो

या विषयावर बोलताना आपले शिक्षणतज्ज्ञ लंडन आणि न्यूयॉर्कचे दाखले देतात. द्यावेत, चांगले कोठूनही घ्यावे. पण ज्या भूमीत शास्त्रग्रंथ कसा वाचावा याचेच शास्त्र रचले गेले, त्या भूमीच्या अध्यापक महाविद्यालयात त्याचा उच्चारही होऊ नये, याला काय म्हणावे?

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे शेवटचे, पंधरावे अधिकरण उघडून पाहावे. त्यात राजा नाही, सेना नाही, कर नाहीत. त्यात आहेत बत्तीस तंत्रयुक्ती, म्हणजे हा ग्रंथ कोणत्या युक्तींनी रचला आहे आणि म्हणून कसा वाचायचा, याची यादी. आणि कौटिल्य प्रत्येक युक्तीचे उदाहरण स्वतःच्याच ग्रंथातून देतो. थोडक्यात सांगितलेले ते 'उद्देश', विस्ताराने सांगितलेले ते 'निर्देश'. वाक्यात न लिहिलेला पण वाचकाने पुरवायचा शब्द तो 'वाक्यशेष'. इतरांनी न वापरलेली, या शास्त्राची स्वतःची संज्ञा ती 'स्वसंज्ञा'. सर्वसाधारण नियमातून वगळलेले ते 'अपवर्ग'. आधी मांडलेले विरोधी मत 'पूर्वपक्ष' आणि त्याचा निर्णय 'उत्तरपक्ष'. वर ज्या मुलाची 'तिप्पट' आणि 'पेक्षा' यांत दमछाक झाली, त्याला लागते ती हीच विद्या. 'कार्य' या शब्दाची स्वसंज्ञा कळली की भौतिकशास्त्र उलगडते. अपवर्ग कळला की व्याकरणाचा नियम आणि रसायनातला अपवाद दोन्ही कळतात.

ही केवळ राजनीतीची मिरास नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बत्तीस तंत्रयुक्ती आहेत, चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात छत्तीस. म्हणजे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला औषधी आणि शस्त्रे यांबरोबर ग्रंथ वाचण्याची रीतही शिकवली जात होती. वैद्याने वाक्याचा चुकीचा अर्थ लावला तर रोगी दगावेल, हे त्या आचार्यांना ठाऊक होते. टीकाकारांच्या परंपरेने तर व्याख्यानाची पाच अंगे सांगितली: पदे सुटी करणे, त्यांचा अर्थ सांगणे, समासांचा विग्रह करणे, वाक्याची जुळणी करणे आणि शंकांचे समाधान करणे. आज विज्ञानाच्या तासाला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आला की मुले दचकतात. शिक्षकाने फळ्यावर तो शब्द सुटा करावा. 'श्लेष' म्हणजे जोडणे, 'संश्लेषण' म्हणजे एकत्र जोडून घडवणे, प्रकाशाच्या साहाय्याने घडवणे ते प्रकाशसंश्लेषण. आणि लगेच 'विश्लेषण' शेजारी लिहावे. दोन मिनिटांत एका शब्दाचे चार शब्द होतात आणि पाठांतराचे ओझे ज्ञानात बदलते. 'परावर्तन' आणि 'अपवर्तन' यांतील भेदही 'परा' आणि 'अप' या उपसर्गांनी उघडता येतो. ही किल्ली मराठीच्या शिक्षकाजवळ असते, पण कुलूप असते विज्ञानाच्या वर्गात.

या जुन्या विद्येचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता कामा नये. ती समाजाच्या सर्व थरांपर्यंत पोहोचली नाही, हे आपल्या इतिहासातील लांछन आहे. म्हणूनच ती आज प्रत्येक वर्गात पोहोचवणे हे परंपरेचे खरे पुनरुज्जीवन ठरेल. पोथी पूजेला ठेवून ते होणार नाही. मराठीपुरते बोलायचे तर बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण पुरे. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या या माणसाने 'शून्यलब्धि' या नावाने उच्च गणित मराठीत आणले. वृत्तपत्राची भाषा घडवणारा आणि गणिताची भाषा घडवणारा माणूस एकच होता. ही फाळणी नंतरची, आपण केलेली.

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप विषयशिक्षकांचा: 'आम्हाला अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही, भाषा कधी शिकवू?' या मंडळींना विनम्रपणे विचारावेसे वाटते की, अभ्यासक्रम पुरा होतो म्हणजे कोणाचा होतो? शिक्षकाचा की मुलाचा? जे पान मुलाला वाचताच येत नाही, ते 'शिकवून झाले' असे म्हणणे म्हणजे ताट वाढले म्हणून जेवण झाले असे समजणे आहे. शिवाय येथे कोणी वेगळा तास मागत नाही. शब्द उलगडणे, वाक्य फोडणे, दोन ओळी लिहून घेणे हे त्याच तासात, त्याच घटकात करायचे आहे. न समजलेले पुन्हा पुन्हा शिकवण्यात जाणारा वेळ यातून वाचतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे: 'पुढे सारे इंग्रजीतच शिकायचे, मग मराठी परिभाषेचा खटाटोप कशाला?' या विचाराचे अपत्य म्हणजे सेमी इंग्रजी. महाराष्ट्रातील कितीतरी मराठी शाळांनी पट टिकवण्यासाठी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतले. त्या शाळांची अगतिकता समजू शकते. पण वर्गात काय घडते ते पाहा. पुस्तक इंग्रजी, शिक्षकाचे बोलणे मराठी, फळ्यावरचे शब्द इंग्रजी, परीक्षेतील उत्तर पाठ केलेले इंग्रजी. मूल 'फोटोसिंथेसिस' म्हणते, प्रकाशसंश्लेषण म्हणत नाही, आणि दोन्हींचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. ज्याने स्वतःच्या भाषेत कार्यकारणभावाचे एक वाक्य नीट वाचले नाही, तो परक्या भाषेत ते वाचील ही आशा म्हणजे पाया न खणता कळस चढवणे. आणि हे लक्षात घ्या की, इंग्रजीतून शिकवायचे असले तरी विषयभाषा शिकवण्याची गरज कमी होत नाही, दुप्पट होते. अमेरिकेत मुलांची शाळेची भाषा इंग्रजीच असते. तरीही तेथे २०१० मध्ये तयार झालेल्या भाषाविषयक समान मानकांच्या नावातच इतिहास, विज्ञान आणि तांत्रिक विषयांतील साक्षरता घातली गेली. इंग्रजी येणाऱ्यांनाही जे स्वतंत्रपणे शिकवावे लागते, ते आपल्या मुलांना इंग्रजीच्या नुसत्या स्पर्शाने येईल, ही भाबडी श्रद्धा सोडायला हवी.

तिसरा आक्षेप न बोलता घेतला जातो: 'हुशार मुले काहीही करून शिकतात.' होय, शिकतात. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, वर्तमानपत्र येते, आई-वडील 'यास्तव', 'परिणामी', 'तथापि' असे शब्द वाचतात, ती मुले शिक्षकाने न शिकवलेली भाषा घरी शिकतात. पण जे मूल घरी अहिराणी, गोरमाटी, भिली, कोरकू किंवा गोंडी बोलते, ज्याच्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी हीदेखील जवळजवळ दुसरी भाषाच असते. त्याला विषयाची भाषा मिळाली तर शाळेतच मिळेल, अन्यथा कोठेच नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाला आपण मोफत पुस्तक देतो, गणवेश देतो, पोषण आहार देतो, आणि पुस्तक उघडण्याची किल्ली मात्र देत नाही. सामाजिक समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावर शोभून दिसतात. तिची खरी परीक्षा सातवीच्या भूगोलाच्या तासाला होते.

पुन्हा एक वर्ष, पुन्हा अर्धा विषय?

हे सारे आजच का मांडायचे? कारण शिक्षक घडवण्याची सारी व्यवस्था पुन्हा एकदा मोडून बांधली जात आहे. २०२० च्या धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली. तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे, तर चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. सुचवले. ज्या कारणासाठी एका वर्षाचे दोन वर्षे केले, ते कारण नाहीसे झाले काय, याची चर्चा तज्ज्ञ करोत. आमची भीती साधी आहे. अभ्यासक्रम आकसला की कात्री प्रथम कोठे चालते? जो विषय अर्धा आहे, ज्याला वाली नाही, ज्याची परीक्षा गाईडवर निभावते, त्याच्यावर! दोन वर्षांत ज्याला अर्धा पाट मिळाला, त्याला एका वर्षात उंबऱ्याबाहेर उभे करतील.

याच काळात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या पात्रतेविषयी दोन दूरगामी निकाल दिले आहेत. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नव्हे, हे स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा अपरिहार्य ठरवली. न्यायालय पात्रतेचा दाखला तपासू शकते, अध्यापनाचा आशय घडवू शकत नाही. तो घडवायचा आहे विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी. आणि तेथे बसलेल्या प्राध्यापकांना आमची काही स्पष्ट मागणी आहे.

विषयभाषेच्या अध्यापनाला बी.एड.च्या प्रत्येक प्रकारात, मग तो चार वर्षांचा असो, दोनचा असो वा एकाचा, पूर्ण विषयाचे स्थान द्या. तो भाषेच्या प्राध्यापकाने आणि विषयपद्धतीच्या प्राध्यापकाने मिळून, प्रत्यक्ष पाठ्यपुस्तक हातात घेऊन शिकवावा. पाठ टाचणात भाषेचा रकाना अनिवार्य करा आणि सराव पाठाचे गुण देताना तो वाचा. इतिहासाच्या छात्राध्यापकाने एक अस्सल पत्र आणि एक बखर मुलांकडून ताडून वाचून घेतल्याशिवाय, गणिताच्या छात्राध्यापकाने दहा शाब्दिक उदाहरणांची भाषा उकलून दाखवल्याशिवाय, त्याला उत्तीर्ण करू नका. तंत्रयुक्ती आणि व्याख्यानाची पाच अंगे अभ्यासक्रमात आणा. ती 'भारतीय ज्ञानपरंपरा' या मथळ्याखालील शोभेचा परिच्छेद म्हणून नकोत, वर्गात वापरायची साधने म्हणून हवीत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिश्रमाने सिद्ध केलेले परिभाषा कोश ग्रंथालयाच्या कपाटातून काढून विषयशिक्षकाच्या टेबलावर ठेवा, आणि जे शब्द मुलांच्या जिभेला जड जातात ते बदलण्याचे धैर्यही दाखवा. सेवेतील शिक्षकांच्या शिक्षण परिषदांत माहिती भरण्याचे तक्ते वाटण्याऐवजी एका पानाचे वाचन घ्या.

यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, परदेशी कर्ज लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. लागते ती एक बौद्धिक प्रामाणिकता. मराठी टिकावी म्हणून आपण फलकांवरची अक्षरे मोजली, न्यायालयात दाद मागितली, २०२० मध्ये शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा केला. हे सर्व आवश्यकच होते. परंतु भाषा फलकावर राहत नाही, ती विचारात राहते. ज्या भाषेत मूल गणित मांडते, प्रयोगाचे अनुमान लिहिते, ऐतिहासिक पुराव्याची शहानिशा करते, तीच भाषा पुढच्या पिढीत जगते. जी केवळ कवितेच्या तासापुरती उरते, ती हळूहळू देवघरात जाते, आणि देवघरातली भाषा पूजेपुरती बोलली जाते.

मराठी ज्ञानभाषा व्हावी, असे प्रत्येक साहित्य संमेलनाच्या ठरावात आपण म्हणतो. तो ठराव अमलात येण्याची जागा संमेलनाचा मंडप नाही. ती जागा आहे अध्यापक महाविद्यालयातील तो वर्ग, जिथे विज्ञानाचा एक तरुण पदवीधर हातात खडू घेऊन उभा आहे आणि 'भाषा हा माझा विषय नाही' असे त्याला आजवर कोणी ना कोणी सांगत आले आहे. त्याला आता सांगायला हवे की, बाबा रे, तू पहिल्यांदा भाषेचाच शिक्षक आहेस. हे त्याला कोण सांगणार, कधी सांगणार आणि किती गुणांसाठी सांगणार, याचे उत्तर विद्यापीठांनी येत्या अभ्यासक्रमात द्यावे. वाट पाहणारी मुले वर्गात बसलेली आहेत, आणि त्यांचे पुस्तक अजून उघडायचे आहे.